कधीच न उघडलेली गिटार

अंधेरीतली ती चार तारांच्या गिटारची केस आठवली की आजही माझी मान ताठ होते. खून, दरोडे, दंगली यांच्या हकिगती माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण 'साहेब, तुमची आवडती केस कोणती?' असे कोणी विचारले की मी हीच सांगतो. ऐकणाऱ्याचा सुरुवातीला हिरमोड होतो, त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षे होती. मी अंधेरी पश्चिमेच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. एके सकाळी समुद्राकाठच्या कोळीवाड्यातला तिशीचा एक जण फिर्याद द्यायला आला. एका ऑर्केस्ट्रात तो बास गिटार वाजवायचा. आदल्या दुपारी आमच्या हद्दीतल्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. मध्यंतरात सगळे वादक चहाला गेले. परत येऊन पाहतात तर स्टेजमागून त्याची गिटार पेटीसकट गायब.

फिर्याद लिहून घेणारे आमचे हवालदार जुने खोड होते.

"तारा किती?" त्यांनी विचारले.

"चार."

"गिटारला सहा असतात. माझ्या मेव्हण्याकडे आहे."

"बासला चारच असतात, हवालदार."

"असं तू म्हणतोस," असे म्हणून हवालदारांनी ठसठशीत अक्षरात लिहिले: 'एक जुनी वापरलेली गिटार, दोन तारा गहाळ.' मी वेळीच वाचले म्हणून ती ओळ खोडली गेली, नाहीतर कोर्टात आमची चांगलीच शोभा झाली असती.

मलाही त्या वाद्याची काही माहिती नव्हती. फिर्यादीला समोर बसवून मी म्हणालो, "हे बास म्हणजे काय प्रकरण आहे, मला नीट सांग."

"साहेब, ऑर्केस्ट्रात बास कुणाला वेगळा ऐकू येत नाय. पण मध्येच थांबवला ना, तर नाचणाऱ्याचे पाय थांबतात. एवढंच."

गिटार अमेरिकन होती, साठच्या दशकातली. बोटीवर वाजवणाऱ्या एका परदेशी वादकाकडून त्याने ती घेतली होती. तेव्हा अशी वाद्ये दुकानात मिळत नसत. कोणी खलाशी आणायचा, कोणी देश सोडून जाताना विकायचा, आणि बातमी कानोकानी फिरायची. पावती कोणीच मागत नसे. याच्याकडेही नव्हती आणि गिटारचा नंबर त्याने कधी पाहिलाच नव्हता. वर्णन मात्र तो आपल्या लेकराचे करावे तसे करत होता. मधोमध मधासारखी पिवळी, कडांकडे काळपट होत गेलेली. उजवा हात टेकतो तिथला रंग घासून लाकूड उघडे पडलेले. नव्या तारा मिळायच्या नाहीत, म्हणून तारांचा आवाज बसला की तो त्या पाण्यात उकळून काढायचा. त्यासाठी आईचा कोलंबीचा टोप वापरायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

"दुसरी घे की एखादी," मी म्हणालो.

"पुढच्या आठवड्यात सिनेमाच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला बोलावलंय, साहेब. ट्रायल आहे. संगीत संयोजकाने माझी ही बास ऐकली आणि म्हणाला, हाच आवाज घेऊन ये. तिथे लागलो तर आयुष्यभर वाजवीन. नाय लागलो तर भावाच्या होडीवर. वडील म्हणायचेच, ह्या लाकडाने पोट भरत नाय. ते गेले, पण मरेपर्यंत त्यांनी माझ्या गिटारकडे कधी ढुंकून बघितलं नाय."

हे त्याने अगदी सरळ आवाजात सांगितले. पण बोलताना त्याच्या डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर आपोआप हलत होती. मी मनाशी ठरवले की ही गिटार ट्रायलच्या आत सापडलीच पाहिजे.

आम्ही जुन्या बाजारात चक्कर मारली. वाद्यांची दुकाने, गहाणवट ठेवणारे, सगळे पाहून झाले. हाती काही लागले नाही. त्याची आई मासळीबाजार उरकून रोज ठाण्यात यायची. पाटी दाराशी ठेवायची आणि थेट माझ्या टेबलापर्यंत यायची.

"साहेबा, गावली का रं माजे पोराची गिटार?"

"शोधतोय, मावशी."

"शोधतंस का बसतंस?"

आमच्या मोठ्या साहेबांनाही ती 'तू'च म्हणायची. ठाण्यात तिला आवर घालण्याची कोणाची छाती नव्हती.

मी वादकाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो: ही गिटार आजवर कोणी विकत मागितली का? तेव्हा मुलुंडच्या एका गृहस्थांचा विषय निघाला. एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, मराठी, शिकलेले, कुटुंबवत्सल. जुनी विलायती वाद्ये घ्यायची, काही ठेवायची, काही दर्दी लोकांना विकायची, हा त्यांचा छंद. प्रत्येक कार्यक्रमाला ते पहिल्या रांगेत बसायचे आणि संपल्यावर गिटार बघायला आत यायचे. त्यांनी कित्येकदा मागणी घातली होती आणि याने दर वेळी नकार दिला होता.

संशय येणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. नुसत्या संशयावर असल्या माणसाच्या घरात शिरलो असतो तर दुसऱ्या दिवशी माझीच चौकशी लागली असती. मी थांबलो. सोन्याचा चोर माल लपवतो, पण शौकाचा चोर तो दाखवल्याशिवाय राहत नाही, असा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला, हे सांगताना मला आजही बरे वाटते.

भांडुपचा एक अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा आमच्या ओळखीचा होता. वादकांत त्याची ऊठबस होती, म्हणून मी त्याच्या कानावर गोष्ट घालून ठेवली होती. दोन-तीन दिवसांत तो हसतच आला.

"साहेब, मुलुंडला एकाचा अॅम्प रिपेअर करायला गेलो होतो. जुनी चार तारांची आलीय त्याच्याकडे. एकदम झकास पीस. मला म्हणतो, कुणाला बोलू नकोस. आणि माझं काम होईपर्यंत स्वतःच फोनवर दोघांना सांगून मोकळा!"

झडतीचे रीतसर कागद करून, तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही गेलो. घर नीटनेटके. आतल्या खोलीत काचेच्या कपाटात तीन वाद्ये उभी होती आणि मधली गिटार वर्णनाशी तंतोतंत जुळत होती. मी ती उचलणार तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, आधी हात धुऊन घ्या. घामाने पॉलिश जातं." इतक्या वर्षांत जप्तीच्या वेळी मला हात धुवायला लावणारा हा एकच आरोपी. आणि गंमत म्हणजे मी धुतले.

ठाण्यात आणल्यावर मात्र त्यांनी मला घाम फोडला.

"ही मी एका खलाशाकडून घेतली. पावती नाही. त्या वादकाकडे तरी आहे का?"

"तो म्हणतो हात टेकतो तिथे रंग गेलाय."

"साहेब, हात काय एकट्याला असतो? प्रत्येक जुन्या बासवर तिथेच रंग जातो."

बोलणे खोटे नव्हते. गोड बोलून पाहिले, आवाज चढवून पाहिला, गृहस्थ जागचे हलेनात. उलट मीच त्यांच्याकडून शिकवणी घेत होतो. त्यांनी मला शिसवी पट्टीवरचे, सुरांच्या जागा सांगणारे दाणे दाखवले, तारेखालची चुंबके दाखवली. शेवटी गिटारची मान माझ्या डोळ्यांच्या पातळीवर धरून म्हणाले, "बघा, तारा लाकडाला किती जवळ आहेत. बोट नुसतं ठेवलं की सूर येतो. असं काम फक्त त्या काळच्या कारखान्यात व्हायचं. मानेचे हे चार स्क्रू कारखान्यातून निघाल्यापासून कोणी उघडलेले नाहीत. म्हणून तर हिची किंमत." बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. माणूस चोर असेल, पण प्रेम खरे होते.

मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. "त्यांच्या वकिलाचा फोन आलाय. संध्याकाळपर्यंत काही ठोस मिळालं नाही तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. बघ बाबा."

बाहेर आलो तर मायलेक बाकावर बसलेले. मी वादकाला म्हणालो, "तुझीच आहे हे मला कळतंय, पण सिद्ध कसं करू? त्यांचं म्हणणं, ती कधी उघडलेलीच नाही."

"ते खरं आहे, साहेब," तो म्हणाला. "मी पण कधी उघडली नाय. आधी तारा फार उंच होत्या, बोटांतून रक्त यायचं. मग एका पावसाळ्यात हवेने लाकूड आपोआप बसलं आणि हलकी झाली."

आईने त्याच्याकडे असे पाहिले की जणू तो अजून पाळण्यातच होता.

"हवेनी? येड्या, तुजे बापासनी केला ता!"

मग ती माझ्याकडे वळून सांगू लागली. मुलगा एकदा परगावी लग्नाला गेला होता. त्याची सोललेली बोटे बापाने बघितली होती, पण तोंडाने बोलेल तर शपथ. त्याने ते चार स्क्रू काढले, जुन्या होडीची एक फळी घरात बसायला पाट म्हणून ठेवलेली होती तिच्या कडेची ढलपी तासली, पातळ पाचर केली आणि मानेखाली बसवली. मान मागे कलली आणि तारा खाली आल्या. होडीच्या सांध्यात तो आयुष्यभर हेच करत आला होता.

"मना म्हनं, पोराला सांगू नको," ती म्हणाली. "सांगला तर गिटार मना आवडते आसा वाटंल त्याला."

मुलगा खाली मान घालून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी कामाला लागलो.

एका शिपायाला मावशीच्या घरून तो पाट आणायला पाठवले. दोन पंच बोलावले. मग गृहस्थांना बसवून पुन्हा शांतपणे विचारले, "विचार करून सांगा. आधीच्या मालकाने कधी उघडली असेल?"

त्यांना सुटायला दार मी स्वतः उघडून दिले होते. 'असेल, मला काय माहीत,' एवढे म्हणाले असते तर माझी वाट लागली असती. पण दर्दी माणसाला आपल्या पारखीवर कोणी शंका घेतलेली सहन होत नाही.

"तुम्हाला यातलं कळत नाही," ते म्हणाले. "स्क्रूचं डोकं बघा. एक ओरखडा नाही. कधीच उघडलेली नाही. लिहून घ्या."

मी शब्दशः लिहून घेतले. त्यांनी झोकात सही केली. मग मी हवालदारांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.

चार स्क्रू निघाले, मान अलग झाली. खाचेत नखाएवढ्या जाडीची एक लाकडी पाचर होती, एका टोकाला निमुळती होत गेलेली. तिच्या एका बाजूला निळ्या तेलरंगाचा पापुद्रा होता. मावशीच्या पाटाचा रंग तोच निळा. पाटाच्या कडेला तासलेल्या जागी पंचांनी ती लावून पाहिली. लाकडाच्या रेघेला रेघ जुळली. हवालदारांनी लगेच पंचनामा लिहायला घेतला.

गृहस्थ घाबरतील असे मला वाटले होते. ते घाबरले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "हे कारखान्याचं नाही?" मग पाचर जवळून पाहिली आणि हळूच म्हणाले, "काम मात्र सुंदर केलंय." त्यानंतर त्यांनी सगळे सांगितले. मध्यंतरात वाद्ये बघायच्या निमित्ताने आत गेले, पेटी उचलली आणि पुढच्या दरवाजाने चालत बाहेर पडले. इस्त्रीचे कपडे बघून दारावरच्या माणसाने त्यांना टॅक्सी थांबवून दिली होती.

एक अडचण राहिली होती. गिटार हमीपत्र लिहून घेऊन फिर्यादीला परत देता येत होती, पण पाचर हा मुख्य पुरावा. ती लखोट्यात सीलबंद होऊन निकालापर्यंत कोर्टात पडून राहणार, असे सगळ्यांनी सांगितले. ते ऐकून वादक माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, मग गिटार तुम्ही ठेवा. मला पाचर द्या."

तो ट्रायलवर पाणी सोडायला तयार होता. मी बसून न्यायदंडाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला: पाचर हा वाद्याचा अविभाज्य भाग आहे, ती काढल्यास वाद्य निरुपयोगी होते, सबब फोटो व पंचनामा ठेवून दोन्ही एकत्र परत देण्यात यावे. नोकरीत मी हजारो कागद लिहिले असतील. त्यातला हा सर्वांत चांगला, असे माझे प्रामाणिक मत आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मंजूर केला.

ट्रायलच्या आदल्या दिवशी त्याने ठाण्यातच, माझ्या टेबलावर, ती पाचर स्वतःच्या हाताने जागी बसवली. तारा लावल्या आणि वाजवून बघितले. अॅम्प नव्हता, त्यामुळे आम्हाला जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. मावशीने मात्र पुढे होऊन गिटारच्या लाकडावर तळहात ठेवला. लाकूड आतून थरथरत होते. तिने बराच वेळ हात काढला नाही.

"तुजे बापासला आयकू गेला आसल," ती म्हणाली.

मुलगा तेव्हा रडला. हवालदार उगाचच बाहेर जाऊन गेटवरच्या शिपायाला ओरडले.

ट्रायलमध्ये त्याची निवड झाली. पुढे त्याने बरीच वर्षे रेकॉर्डिंग केले. रेडिओवर गाणे लागले की मी अजूनही गायकाच्या खालचा तो आवाज शोधतो, आणि सापडला की घरच्यांना गप्प बसवतो.

त्या केसने मला शिकवले की फिर्यादीला आपल्या वस्तूबद्दल सगळे ठाऊक असते असे तपास करणाऱ्याने कधी धरून चालू नये. त्यानंतर प्रत्येक तपासात मी घरातल्या बाकी माणसांना बसवून, चहा पाजून, बोलू देत आलो. चोरीला गेलेला माल मी पुष्कळांना परत मिळवून दिला. पण बापाला आपण आवडत नव्हतो असे समजून जगणाऱ्या एका मुलाला खरे काय ते पंचांसमक्ष, सहीनिशी दाखवून देता आले, ते फक्त या एका केसमध्ये. या गोष्टीचा मला अभिमान आहे.