आबांना बसवणारा सिनेमा

दिवस कलला की माझे हात भाकरी थापतात आणि कान अंगणात असतात. आबांच्या काठीचा आवाज कुणीकडं जातोय ते ऐकत असतात. काठी ओट्याच्या फरशीवर वाजली तर ठीक. खडीवर वाजली की समजायचं, म्हातारा निघाला गोठ्याकडं.

आबा म्हणजे माझे सासरे, हौशीराम. आमचं घर अवसरी खुर्दच्या शिवारात, गावापासून बाजूला, मळ्यात आहे. घराच्या एका अंगाला गोठा आणि गोठ्याच्या पाठीमागं ऊस. त्या उसात बिबट्या आहे. त्याचं आम्हाला नवल नाही, दरसाल असतो. पण यंदाचा धीट निघाला. शेजारच्या गोजरबाईची कालवड त्यानं दावणीवरून नेली, तीही घरात माणसं चहा पीत असताना. तेव्हापासून वस्तीवरची सगळी दारं सूर्य बुडायच्या आत बंद होतात. वनखात्यानं बांधावर पिंजरा आणून ठेवलाय, आत शेळी बांधलीय. शेळी ओरडून ओरडून थकते, बिबट्या तिकडं फिरकत नाही.

आमचे हे मंचरच्या बाजारात कांद्याचा टेम्पो चालवतात. घरी यायला जेवणवेळ टळून जाते. लेक संस्कृती पुण्याला नोकरीला. म्हणजे दिवेलागणीला घरात मी आणि आबा, दोघंच. आणि आबांना बसणं माहीत नाही.

हे मी रागानं लिहीत नाही, ते आहेच तसं. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढं एक घोडी पळते. घोडीवर स्वार असतो आणि त्याच्या मागून बैल उधळत येतात. आबा तरुणपणी तो स्वार होते. कळंबपासून जुन्नरपर्यंत शर्यतीचा एक घाट त्यांनी सोडला नाही. एकदा बरगडी मोडली, एकदा खांदा निखळला, तरी पुढच्या जत्रेला हा माणूस घोडीवर. माझ्या सासूबाई, कुशाबाई, असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं. त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नात बी हा माणूस पंगतीला बसला न्हाई. सोताच्या लग्नात बुंदी वाढत फिरत व्हता."

आता गुडघे गेलेत. पण सवय गेली नाही. अंधार पडायला लागला की त्यांना जनावरं बघायची असतात, मोटरचा स्टार्टर बघायचा असतो, बांधावर कोण उभं आहे ते बघायचं असतं. ह्यांनी बाजारातून गळ्यात घालायचा खिळ्यांचा पट्टा आणला, बिबट्या नरडं धरतो म्हणून हल्ली रानात जाणारी माणसं घालतात तसा. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नेऊन बैलाच्या गळ्यात बांधला.

"म्या काय कुत्रं हाये का?" म्हणाले. "आन बिबट्या मला खाऊन काय करंल? हाडं पचायची न्हाईत त्याला."

मी रोज सकाळी पूजा झाली की वहीत देवाचं नाव लिहिते, मग कालच्या दिवसाच्या चार ओळी. त्या दिवसांत माझ्या ओळी एकाच गोष्टीवर अडकल्या होत्या. विघ्नहराला साकडं घातलं. पण देवाला सांगून आपण हात झाडावेत असं थोडंच आहे? आडवी दारात उभी राहिले तर आबा मागच्या दारानं जायचे. मागच्या दाराला कुलूप लावलं तर म्हणाले, "सुनंनं सासऱ्याला कोंडला, ही गोष्ट चावडीवर सांगू का?" मी कुलूप काढलं.

मग एका संध्याकाळी असं झालं की टीव्ही चालू होता आणि कुठल्या तरी मिरवणुकीत घोडे नाचत होते. आबा काठी घेऊन निघालेले, ते उंबऱ्यात थबकले. तसेच उभे राहून बघितलं. मग खाटेच्या कडेला टेकले. घोडे संपेपर्यंत टेकलेलेच. तेवढ्यात बाहेर अंधार झाला, ह्यांचा टेम्पोही त्या दिवशी लवकर आला आणि माझ्या जिवात जीव आला.

संस्कृतीनं दिवाळीत नवा टीव्ही लावून दिलाय, त्यात नेटवरचे सिनेमे दिसतात. मी आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "म्हाताऱ्या माणसासाठी सिनेमा सुचवा. मारामारी नको. रडारड नको. देवाचा चालेल, पण देवानं नाचायला नको. जनावरं असली तर उत्तम. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत माणूस जागचा हलला नाही पाहिजे."

गोजरबाईचा आवाजातला मेसेज आला आधी. "आरती, तुला सिनेमा पाहिजे का डिंक?"

सगळ्या हसल्या. पण मग सुचवायला लागल्या, आणि माझ्या ध्यानात आलं की प्रत्येक बाई स्वतःच्याच आवडीचं सांगतेय. साळुबाईनं सासू-सुनेचा एक सांगितला. त्यात सून सासूला घराबाहेर काढते आणि शेवटी पाया पडून परत आणते.

"साळुबाई, मी रडारड नको लिहिलंय," मी म्हटलं.

"अगं ते रडणं चांगलं हाये. मी तीनदा रडले."

तो लावला. आबांनी सासू घराबाहेर पडेपर्यंत पाहिलं आणि उठले. "तिला जायला जागा हाये का बघून येतो," म्हणाले आणि गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी देवाचा लावला. त्यात त्यांना झोप लागली, मी देवाचे आभार मानले, तर जाग आल्यावर दुप्पट ताजेतवाने होऊन बांधापर्यंत जाऊन आले. एक विनोदी लावला. "ही समदी बहिरी हायेत का? येवढी वरडत्यात कशाला?" गोजरबाईच्या सांगण्यावरून दक्षिणेकडचा एक लावला, त्यात गाडी हवेत उडाली तसे आबा हवेत उडालेल्या गाडीकडं पाठ करून चालते झाले.

त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीशेजारी ओल्या मातीत ठसे दिसले. गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी आबांना नेऊन दाखवले. त्यांनी वाकून पाहिलं. "मादी हाये," एवढंच बोलले. संध्याकाळी पुन्हा काठी खडीवर.

माझं जेवणात लक्ष लागेना. जपाला बसले तरी माळेचा मणी कितवा ते विसरायची. देवापुढं बसून मन अंगणात, ह्याची मला लाज वाटायची, पण उठून खिडकीशी जायचीच.

गोजरबाईच्या घरी लग्नाच्या बांगड्या भरायला मंचरहून सायराबानू आली होती. आमच्या चार वस्त्यांना तीच बांगड्या भरते. तिचे वडील दस्तगीर ह्यांनी पूर्वी बैलांना पत्र्या आणि घोड्यांना नाल मारले. आबांच्या घोडीचे नालसुद्धा त्यांच्याच हातचे. सायराबानू माझा हात दाबून बांगडी चढवत होती आणि मी तिला तेच गाऱ्हाणं सांगत होते.

"वहिनी, हात ढिला सोडा. बांगडी फुटंल," ती म्हणाली. "माझ्या अब्बाचं बी तसंच व्हतं. दुकान बंद झालं तवापासनं गल्लीत येरझाऱ्या. मग म्या एक सिनेमा लावून दिला. बघा, या म्हाताऱ्यांना पडद्यावर माणसं नकोच असत्यात. जनावर पाहिजे."

"कुठला सिनेमा?"

"वाळवंटातला हाये. एक म्हातारा, त्याची घोडी हरवती. तो तिला शोधत जातो. बस, येवढंच. बोलणं हिंदीत भरलंय, ते बी थोडं. अब्बांनी दोनदा बघितला. पाणी प्यायला उठले न्हाईत."

"मारामारी?"

"न्हाई."

"रडारड?"

"घोडी रडती का कधी?"

"घोडी मरत नाही ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "घावती, वहिनी. म्या तुमाला मरणारी घोडी सांगन का?"

गोजरबाई म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यासाठी पण असलाच सांग, पण त्यात दारू प्यायला बंदी पाहिजे." सायराबानूनं मोबाईलवर नाव काढून माझ्याकडं पाठवलं.

त्या संध्याकाळी मी भाकरी आधीच करून ठेवल्या. आबांची काठी जागेवरून उचलून दाराआड ठेवली, आणि सिनेमा लावला.

पहिल्याच चित्रात घोडी आली. काळी, कपाळावर पांढरा टिळा. आबा कडेला टेकले. मग सरकून आत बसले. मग पाय वर घेऊन मांडी घातली. मांडी घातलेले आबा मी फार क्वचित पाहिलेत. मी चहा दिला, त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर उजेड कमी होत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, आज जमलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, सायराबानूच्याही आली नाही. दस्तगीरभाई मंचरच्या गल्लीत राहतात आणि दुपारी सिनेमा बघतात. त्यांच्या घरी दावणीला काही नाही.

सिनेमातही संध्याकाळ झाली. वारा सुटला, वाळू उडायला लागली. त्या म्हाताऱ्यानं घोडी खुंटाला बांधली आणि घाईघाईनं तंबूत शिरला.

"गाठ बघ," आबा पुटपुटले. "अरं, गाठ बघ आधी."

त्यानं पाहिली नाही. दावं सुटलं, घोडी अंधारात गेली. आणि आबा उठले. कप खाटेवर कलंडला.

"आपल्या बैलाची गाठ म्या बघितली न्हाई आज."

"मी बघितली, आबा."

"तू बघितली. म्या न्हाई."

काठी शोधायलाही थांबले नाहीत. अनवाणी, भिंतीचा आधार घेत, गुडघे ओढत निघाले. मी बॅटरी घेतली, ताट घेतलं, पळी घेतली आणि मागून निघाले.

बाहेर पिंजऱ्यातली शेळी गप्प होती. बैल उभा होता, कान उसाकडं लावून, गळ्यातला खिळ्यांचा पट्टा बॅटरीच्या उजेडात चमकत होता. आबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, मग वाकून दाव्याची गाठ चाचपली. उसाची पानं वाजली. वारा नव्हता. मला दिसलं काहीच नाही, उगाच का सांगू. पण बैलाच्या अंगावर शहारा आलेला मी पाहिला. मी पळीनं ताट बडवायला लागले आणि तोंडानं देवाचं नाव, जेवढा आवाज निघेल तेवढ्या मोठ्यानं.

आबा दचकून वळले. मी पाठीमागं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"तू कशाला आली?"

"तुमी आला म्हणून."

"दार?"

"उघडंच हाये."

आबांनी उघड्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू पुढं हो. वाजवत ऱ्हा." मी पुढं झाले, आणि आयुष्यभर पुढं पळालेला माणूस माझ्या खांद्याला धरून मागून आला.

आत येऊन कडी लावल्यावर मी बोलायचं ते बोलले. जन्मात सासऱ्यांना उलटून बोलले नव्हते. "आबा, तुमी गेला की मला यावं लागंल. रोज यावं लागंल. तुमच्या लेकाला येऊन आपल्या दोघांना शोधावं लागंल. असं चालंल का तुमाला?"

ते खाटेवर बसून धोतराच्या सोग्यानं सांडलेला चहा पुसत होते. "आन तू?" म्हणाले. "तू रोज दिवेलागणीला तुळशीला जातीस, अंगणाच्या पार टोकाला. तवा काय बिबट्याचा उपास असतो?"

ह्या घरात आल्यापासून तुळशीपुढचा दिवा मी चुकवलेला नाही, तापातसुद्धा नाही. तो दिवा लावताना मला कधी भीती वाटली नव्हती. देवाच्या कामाला निघालेय, मला काय होणार, असंच मनात होतं. आबांच्याही मनात बैलाकडं जाताना तसंच काही असेल, हे तेव्हा डोक्यात आलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

"तुळस आत आण," आबा म्हणाले. "म्या जनावरं उजेडात बांधतो."

"वृंदावन सिमेंटचं हाये, आबा."

"रोप तर सिमेंटचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीची क्षमा मागून वृंदावनातलं रोप कुंडीत लावलं आणि ओट्याच्या लोखंडी जाळीच्या आत ठेवलं. मनाला ते अजून पटलेलं नाही. रिकाम्या वृंदावनाकडं नजर गेली की चुकल्यासारखं होतं. पण आबांनी ऊन असतानाच जनावरं बांधली, प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली, मोटर पाहिली आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत घरात आले. आपणहून खाटेवर बसले.

"कुठपर्यंत आलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

मी सिनेमा दावं सुटलं तिथून लावला. म्हातारा वाळूत ठसे शोधत निघाला होता. आबा बघत होते आणि बोलत होते. "डाव्या पायानं लंगडती ही. नाल नीट न्हाई. दस्तगीरला दाखव म्हणावं." मग थोड्या वेळानं, "सायराबानूला इचार, असला आणखी एखादा हाये का. पण त्यात जनावरं दिवसाउजेडी बांधलेली पाहिजेत. ह्या माणसाला अक्कल न्हाई."

मी ग्रुपवर जुन्या अटींच्या खाली ही नवी अट लिहिली. साळुबाईचा लगेच मेसेज आला, तिच्या सिनेमात जनावरच नाही, म्हणजे हरवायचा प्रश्नच नाही.

मी उठून दाराची कडी पाहिली. येऊन बसले. परत उठून खिडकीशी गेले. गोठ्यात बैल रवंथ करत बसला होता. मागचं दार पाहिलं.

"आरते," आबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "बस की गं जरा. सारखी काय उठबस लावलीय?"