अक्काच्या चुलीवरचा लिंब

आमचे दाजी गुरुसिद्धप्पा यांच्यावर मी आयुष्यभर चिडत आलो. आता ते नाहीत, तरी चिडतोच.

दाजींची शेती होती, विहीर होती, मोटेची बैलजोडी होती. पण नळदुर्गच्या आसपासच्या चार गावांत कुठं अवघड झाड पाडायचं असलं की बोलावणं दाजींनाच. विहिरीवर वाकलेली बाभूळ, भिंतीला टेकलेली चिंच, आतून पोखरलेलं कुठलंही खोड. पैसा घेत नसत. एक वेळचं जेवण आणि सांगितलेलं ऐकणारी माणसं, एवढंच मागायचे. जेवण मिळायचं.

"दुनिया ऐकत न्हाय, मास्तर," ते मला म्हणायचे. "आधी वरच्या फांद्या उतरवा म्हनलं, तर बुडाला कुऱ्हाड घालतेत. पळायची वाट मोकळी ठिवा म्हनलं, तर तिथंच बसून बिड्या वढतेत. मग झाड आंगावर आलं की नशिबाला शिव्या!"

बोलणं खोटं नव्हतं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत. त्यांच्याच घराच्या परसात एक जुना लिंब चार वर्षं स्वयंपाकघरावर कलत चालला होता. उन्हाळ्यात म्हणायचे, पालवी आलीय, जड हाय. पावसाळ्यात, माती वली हाय. थंडीत सुगी. माझी बहीण, द्वारकाअक्का, एक डोळा तव्यावर आणि एक डोळा वर ठेवून भाकरी थापायची. ते स्वयंपाकघर काही आयतं मिळालेलं नव्हतं. सासरी वेगळी चूल मांडल्यावर तिनं दोन उन्हाळे डोक्यावरून पांढरी माती वाहून त्यावर माळवद घातलं होतं. मी कितीदा म्हटलं, "दाजी, दुसऱ्यांची झाडं राहू द्या, आधी हे पाडा." तर म्हणायचे, "शाळंत शिकवा तुमी."

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं. वैशाखाची सुट्टी म्हणून मी अक्काकडं गेलो होतो. आदल्या संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं आणि सकाळी पाहतो तर लिंबाच्या बुडाशी जमिनीला दोन बोटं भेग! आता थांबणं शक्य नव्हतं. आणि नेमकं अर्धं गाव लग्नाच्या वऱ्हाडात गेलेलं. एरवी दाजी दोर ओढायला आठ माणसं घ्यायचे. त्या दिवशी मिळाला एकटा मी, तोही मास्तर.

"बैल लावू," दाजी म्हणाले. त्यांनी मोटेचा लांब नाडा सोडून आणला, वर चढून खोडाला बांधला आणि उतरताना घराकडच्या फांद्या एकेक करून दोरानं खाली सोडल्या. काम मात्र देखणं! मोकळ्या रानाच्या बाजूनं खाच घेतली. मागून घाव घालून मधे बिजागरीसारखी लाकडाची पट्टी राखायची, म्हणजे झाड त्या पट्टीवर वळून रानात पडणार. दोन्हीकडं पळायच्या वाटा साफ केल्या. बैल झाडाच्या उंचीपलीकडं नेऊन उभे केले आणि कासरा माझ्या हातात दिला.

तेवढ्यात अक्का घरातली उतरंड, पिठाचे डबे, जातं, सगळं बाहेर काढत होती. दाजी भडकले. "माज्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तसं न्हाय. आवो, पर हे मोटंचे बैल हायत. दोर ढिला पडला की..."

"तू चुलीकडं बघ," दाजी म्हणाले.

ती पुन्हा डबे उचलायला वळली. तिचं वाक्य पुरं करून घ्यायचं मलाही सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मागचे घाव सुरू झाले. खोड कुरकुरलं. "हाना!" दाजी ओरडले. मी बैल हाकले. नाडा ताणला गेला, झाड हळूहळू सरळ झालं, अगदी उभं राहिलं. आता आणखी हातभर ओढ लागली असती की रानात आडवं. पण उभं झालेलं झाड दोराला भार देत नाही. नाडा एकदम हलका झाला आणि दोन्ही बैल पाठमोरे मागं चालू लागले, भराभर, थेट माझ्या अंगावर. मी ओरडलो, कासरा झटकला, शेपट्या पिरगाळल्या. काही उपयोग नाही. लिंब क्षणभर डोलला आणि आला तसाच मागं फिरून माळवदावर पडला.

धुरळा खाली बसायच्या आधीच दाजी चाबूक घेऊन धावले. "मास्तर! बैल मागं का घेतलं? आन् ह्या हरामखोरांना आता..."

अक्कानं त्यांच्या हातातला चाबूक काढून घेतला. तिला मी तेव्हा पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवताना ऐकलं.

"त्यांना कशाला मारता? मोट रिती झाली, दोर हलका झाला, की मागं हिरीकडं यायचं, हे अकरा वर्सं तुमीच शिकवलंव की! तुमी लोकांची झाडं पाडत फिरता तवा मोट कोन हाकतं? मी हाकते. मला म्हाईत हुतं. बोलू दिलंव का?"

दाजी मटकन लिंबाच्या बुडख्यावर बसले. अक्कानं परसात तीन दगड मांडून भाकरी केल्या. त्यांनी ताट पुढं ओढलंसुद्धा नाही.

त्याच लिंबाची तुळई काढून त्यांनी पुढच्या दोन महिन्यांत स्वयंपाकघर पुन्हा उभं केलं, माती स्वतःच्या डोक्यावरून वाहिली. झाडांची बोलावणी येतच राहिली. वर्षभरानं घरामागच्या बांधावरची बाभूळ पाडायची होती तेव्हा मी तिथंच होतो. दाजींनी दोर बांधला, खाच घेतली आणि कुऱ्हाड खाली ठेवून घराकडं हाक मारली.

"द्वारका, जरा भाईर ये. तुला कसं दिसतंय बघ."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"झाडाकडं बघू," अक्का म्हणाली, "का चुलीकडं?"

ती हात पुसत बाहेर येईपर्यंत दाजी दोर धरून उभे राहिले.