सेतू सरांचा स्क्रूड्रायव्हर

मोटर दुरुस्तीवाल्यांकडे किश्श्यांचा तुटवडा नसतो. मोटर जळायला आली की लोक आम्हाला बोलावतात आणि त्याआधी स्वतः काय काय करून पाहिलं ते लपवतात. झाला किस्सा तयार!

आमचं वर्कशॉप चेन्नईत, एग्मोर स्टेशनच्या मागे. मालक सेतू सर तंजावरचे मराठी; घरात मराठी, रागावले की तमिळ. फिटर मुरुगन. आणि मी मिरजेची, व्हायब्रेशन मीटरवाली. फुशारकी म्हणा हवं तर, पण अशी टीम अख्ख्या शहरात नाही!

*

सरांची पद्धत ठरलेली. चालू मोटरच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला, डोळे बंद. पहिल्या दिवशी मी ऐटीत मीटर काढलं.

“अम्मा, मोटर किती थरथरते ते तुझं मीटर सांगेल. कुठं दुखतं ते मी विचारतो.”

दोघांचं उत्तर एकच आलं! तेव्हापासून आमचा नियम: दोन्ही उत्तरं जुळल्याशिवाय मोटर उघडायची नाही.

*

एका कारखान्यात नवं बेअरिंग टाकलं की लगेच निकामी व्हायचं. बेअरिंग बनवणाऱ्यांना शिव्या चालू! सरांनी तिथल्या फिटरला विचारलं, “हातोड्यानं ठोकून बसवता काय?”

“छे छे, सार! आम्ही?”

“मग?”

“छिन्नी मध्ये धरतो, सार. हातोडा बेअरिंगला लागतच नाही!”

सर त्यानंतर बराच वेळ तमिळ बोलत होते.

*

नवरात्रात यंत्रांची आयुधपूजा झाली की आमचा सीझन. एका गिरणीत ब्लोअर पूजेनंतर थडथडायला लागला. उघडून पाहतो तर पंख्याच्या एकाच पात्यावर चंदनाचा हा एवढा थर! भक्ती सगळी तिथेच, कारण हात तिथवरच पोचत होता. पंख्याचा तोल गेला. मुरुगन फडकं घेऊन पुढे झाला, तर सुपरवायझर बाई कडाडल्या, “पूजेचं गंध पुसायचं नाही!”

सरांनी शांतपणे चंदनाची वाटी मागवली. समोरच्या पात्याला गंध, ब्लोअर चालू, मीटर बघ. आणखी थोडं गंध, पुन्हा चालू. काटा खाली! बाईंनी सरांना नमस्कार केला.

*

सिरुसेरीच्या एका आयटी कॅम्पसमधून एसीच्या मोटरचा आवाज व्हॉट्सॲपवर आला. सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्याला स्क्रूड्रायव्हर लावला! मी आणि मुरुगन हसून हसून बेजार. सर हसले नाहीत.

“फोनचं ऐकू येत नाही, अम्मा. आता मोटरचंही येत नाही.”

सरांना कानाचं मशीन लागलं, पण ते घालून सगळ्याच मोटरी सारख्या वाजायच्या. सर म्हणाले, “बेअरिंग ऐकू येत नाही तर दुकान कशाला? डेअरीचं काम घेतलंय, ते शेवटचं. मग शटर खाली.”

मी भांडले. मुरुगन तर जेवलाच नाही.

*

डेअरीतली मोटर दूध थंड ठेवणाऱ्या यंत्राची. मॅनेजर घामाघूम. “उगाच बंद केली तर दूध नासेल. चालताना अडकली तरी नासेल. नक्की काय ते सांगा!”

माझं मीटर बेअरिंगकडे बोट दाखवत होतं. पण नियम म्हणजे नियम. मी सरांकडे पाहिलं.

सरांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. नकारार्थी मान हलवली. मग कानातलं मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ रुमालानं पुसली, दातात घट्ट धरली, टोक बेअरिंगवर टेकवलं आणि डोळे मिटले.

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही!

सरांनी मूठ तोंडातून काढली. “दातांतून, हाडांतून ऐकू येतं, अम्मा! बेअरिंग. आतली रिंग फुटलीय. बंद करा.”

मुरुगननं झपाझप मोटर उघडली. आतल्या रिंगचा टवका उडालेला! नवं बेअरिंग बसलं, मोटर सुरू झाली, दूध वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या दारात मुरुगन किल्ली घेऊन उभा. त्यानं बिचकत विचारलं, “सार, शटर?”

सर म्हणाले, “वर कर. आणि माझा टूथब्रश इथंच ठेव.”