काकूचे लिहायचे दिवस

माझी गौराकाकू कथा लिहायची. त्यासाठी तिला महिन्यातून चारच दिवस मिळायचे, ती बाहेरची बसायची ते. तेव्हा तिला चूल नाही, हंडा नाही, कोणी शिवायचंही नाही. दहिवलीच्या घराच्या पडवीत, मांडीवर पाट घेऊन ती लिहीत बसे. बाकीच्या बायका त्या दिवसांना वैतागत; काकू त्यांची वाट पाही. शाळेसाठी मी खालापूरहून तिच्याकडे राहायला आले होते. लांबून ताट सरकवताना कागदावर काय उतरलंय ते वाचायची माझी धडपड असे.

सदुसष्ट साली काकूची पाळी थांबली. तिने ते कोणाला सांगितलं नाही. ठरल्या तारखेला पडवीत जाऊन बसायची.

पाच-सहा महिन्यांनी तिची सासू, माझी धोंडूआजी, पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. “गौरे, परसात तुझी कापडं वाळताना दिसत नाय गं. कवापासून फसवतेस?”

काकूचा चेहरा उतरला. हे दिवस गेले की लिहिणं गेलं, हे मलाही कळत होतं.

“आई, मला लिवायला येळ पायजे,” ती हळूच म्हणाली.

“मग तसं बोलायचं की! नाटक कशाला?” आजीने बोटं पुढे केली. “दोन दिवस घे.”

“चार.”

“तीन. वर एक बी नाय.”

पुढच्या महिन्यात काकू उघडपणे लिहायला बसली आणि पडवीचा चव्हाटा झाला. शेजारची सोनुबाई विरजणाला आली ती टेकलीच. “रिकामी बसलीस तर लसूण तरी सोल गं!” रेल्वेतली ड्युटी करून आलेल्या हिरामणकाकांनी, म्हणजे काकूच्या नवऱ्याने, लेंग्यात नाडी ओवायला दिली. मीही गणित अडलं म्हणून गेले. संध्याकाळी कागदावर दोन ओळी होत्या. आज माझी लेक दार लोटून अभ्यासाला बसते आणि मी काळजीने दूध हवं का, डोकं दुखतंय का, असं विचारत सारखी आत जाते. तेव्हा ते गणित आठवतं आणि शरम वाटते. तरी जातेच.

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः सूप घेऊन पायरीवर बसली. सोनुबाई अंगणात दिसताच ओरडली, “लांबूनच बोल गं! बाहेरची हाय ती.”

“अगो, काल तर लसूण सोलत होती!”

“काल नव्हती, आज हाय.”

“या वयात?”

“तुझं थांबलं म्हणून गावाचं थांबायला पायजे का?”

सोनुबाई तोंडाला पदर लावून परत गेली. काकू हसू दाबत होती.

“हसू नको, लिव,” आजी मागे न बघताच म्हणाली. “आजपासून तीन दिवस खोटं बोलायचंय मला. तेवढ्यात उरकव.”

तिसऱ्या दिवशी कथा पुरी झाली. आजीने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि सोनुबाईला काही एक सांगितलं नाही.