ठाकूरद्वारचं रिकामं टेबल

“या, इकडे बसा. हे टेबल रिकामं आहे.”

वेटर हे एका जोडप्याला सांगत होता... आणि त्या टेबलाशी मी बसले होते.

ठाकूरद्वारच्या नाक्याजवळचं जुनं मराठी उपाहारगृह, रविवारची दुपार. तिथे अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवतातच, म्हणून आधी मला काही वाटलं नाही. पण त्या नवऱ्याने थेट माझीच खुर्ची ओढली. मी कशीबशी उठले.

“बघ, रविवारी अख्खं टेबल! नशीब लागतं,” तो म्हणाला.

“नशीब कसलं? मी ओरडले म्हणून वेळेत निघालास.”

मी “एक्सक्यूज मी” म्हटलं. माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जेमतेम मलाच ऐकू येईल इतपत. दोघंही मेनूकार्ड बघत राहिली.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरी कधी कुणी दृष्टसुद्धा काढली नाही. म्हणूनच हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी नागपूरहून आले होते. बाकीचे आदल्या दिवशीच एकत्र परतले. मला कुणी विचारलं नाही आणि मीही “थांबा” म्हटलं नाही. सकाळी गिरगावातल्या हॉटेलमधून चेकआउट केलं. रिसेप्शनवरचा माणूस फोनवर बोलत होता. त्याने नजर वर न करताच काउंटरवरची किल्ली ओढून घेतली. कोपऱ्यात इतरांचं सामान होतं, तिथेच बॅग ठेवून मी निघाले. गाडी संध्याकाळी होती.

मला दुकानं बघायला आवडतात, पण “काय दाखवू मॅडम?” ऐकलं की मी मागच्या मागे पळते. त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. एका साडीच्या दुकानात तर मी गादीच्या कडेला बसून दुसऱ्यांसाठी उलगडलेल्या पैठण्या मनसोक्त बघितल्या. वाटलं, मुंबई किती छान! कुणी कुणाच्या मागे लागत नाही. खरं सांगते, इतका सुंदर वेळ कित्येक दिवसांत गेला नव्हता.

आणि मग ते टेबल.

मी बाहेर आले. आईला फोन लावला, तर नुसतीच रिंग वाजत राहिली. फुटपाथवर दोघा-तिघांना थांबवायचा प्रयत्न केला. ते बोलत बोलत पुढे गेले. चांदीच्या दुकानाच्या काचेपाशी जाऊन उभी राहिले, रडू आवरत.

“ती करंडी बघ गो. केवढी नाजूक!”

शेजारी एक बाई होत्या. इस्त्रीची फुलाफुलांची साडी, काखेत पर्स. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. माझ्याकडे!

“काकी... मी दिसते तुम्हाला?”

“तू मला दिसतेस ना? मग झालं तर.” त्या हसल्या. “आजच सुरू झालं ना तुझं? ओरड चटकन. मोठ्याने. एकदा सवय झाली ना, की आवाज नाही गो फुटत.”

“तुम्ही का नाही ओरडलात?”

त्यांनी पदर सारखा केला. “भररस्त्यात? सगळे वळून बघतील अशी लाज वाटली.”

मी डोळे मिटले आणि ओरडले, “अहो! मी आहे इथे!”

रस्ता वळून बघू लागला. दुकानातला माणूस धावत बाहेर आला. “काय झालं मॅडम? पर्स मारली काय?”

मी शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. काचेआड फक्त ती करंडी होती.

मैत्रीण म्हणते, उपाशी होतीस, चक्कर आली असेल. असेलही. पण मी त्या उपाहारगृहात परत गेले, तेव्हा ते जोडपं पीयूष पीत होतं आणि नवऱ्याच्या पाठीमागे, खुर्चीवर, माझी ओढणी होती. “तुमची का?” त्याची बायको म्हणाली. “आम्ही आलो तेव्हा तर इथे कुणीच नव्हतं.”



तेवढ्यात एक टेबल रिकामं झालं. वेटर माझ्याकडे वळला. “एकट्याच ना, ताई? शेअरिंग चालेल?”

त्या काकी आल्या असतील म्हणून मी दाराकडे पाहिलं. मग त्याला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“नाही. आम्ही दोघी आहोत.”