आठशेतलं तेराशेचं इंजिन

दिल्लीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत एक छोटी गाडी किती तरी महिने चारही चाकं बसलेल्या अवस्थेत उभी होती. आठशे सीसीचं इंजिन, म्हणून सगळे तिला आठशेच म्हणत. छतावर कबुतरांची घाण, काचेवर कोणीतरी बोटाने काढलेला चेहरा. मालकांची बदली झाली तेव्हा ते म्हणाले, भंगारवाल्याला बोलवा. माझ्या नवऱ्याने भंगारवाल्याला बोलावलं नाही, ती स्वतःच घेतली.

नवरा सरकारी कार्यालयाच्या गॅरेजात मेकॅनिक. दिवसभर साहेबांच्या गाड्या आणि सुट्टीच्या दिवशी ही. त्याचं म्हणणं सोपं होतं. गाडी हलकी आहे, फक्त हिच्या पोटात जोर नाही. तो घातला की नव्या मोठ्या गाड्या मागे राहतील. मग मायापुरीच्या भंगारबाजारातून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं तेराशेचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. पण ते बसवण्याआधी त्याने ब्रेक बदलले, तेही मोठ्या गाडीचे. "आधी थांबता आलं पाहिजे, मग पळा," हा त्याचा नियम.

गाडी हलकी करण्याचं काम माझं. मागची सीट काढली, सतरंजी काढली, दारांच्या आतले पुठ्ठे काढले. तळाला आवाज दाबायला डांबराच्या जाड पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या काही केल्या निघेनात. जानेवारीत दिल्लीची थंडी पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळी डांबर चिक्कीसारखं कडक झालेलं असतं. मग मी रोज सकाळी छिन्नी घेऊन बसायची आणि तुकडे उडवायची. निघालेली प्रत्येक वस्तू रद्दीवाल्याच्या काट्याला लटकवून बघायची. सासूबाई उन्हात खुर्ची टाकून स्वेटर विणत बसत. म्हणत, "सून गाडीला जेवायला घालायची सोडून उपाशी ठेवतेय."

एक दिवस नवरा म्हणाला, "आता हिच्यातून काढण्यासारखं काही उरलं नाही."

मी म्हटलं, "आहे ना. तुम्ही उतरा."

नवरा अंगाने भरलेला, मी काडीसारखी. सासूबाई इतक्या हसल्या की विणकामाचे टाके सुटले. पण मी गंमत म्हणून बोलले नव्हते. मला ती गाडी एकदा तरी पूर्ण जोरात चालवायची होती. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला म्हणून नवऱ्याने मला गाडी शिकवली होती, लायसन्सही होतं. चौथीपर्यंतच शिकले, चार माणसांत तोंड उघडत नाही, पण स्टिअरिंगपुढे मला कोणाशी बोलावं लागत नाही.

फरिदाबादच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात लांब सरळ रस्ता आहे. नवऱ्याचा मित्र, करोल बागेत गाड्यांचे सुटे भाग विकणारा, मालकाची परवानगी काढून तिथे रविवारी गाड्या पळवायला माणसं जमवायचा. गाडी मी चालवणार हे त्याने ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाला, "यार, भाभीजी तो बोलती भी नहीं!"

"गाडी चलानी है, भाषण थोड़े ही देना है," नवरा म्हणाला.

आम्ही तिथे जायचं ठरवलं त्या रविवारच्या आधी दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, गाडीची पूजा होते. सासूबाई म्हणाल्या, टपाला हळदकुंकू लावून काय उपयोग, काम करतं ते आत. म्हणून बॉनेट उघडलं. नवरा तेव्हा कार्ब्युरेटर लावत होता, त्यावरचं झाकण आणि हवेची जाळी बाजूला काढलेली होती. सासूबाईंनी मनोभावे मूठभर अक्षता वाहिल्या, मी आरती ओवाळली. मग झाकण बसवलं आणि आम्ही जेवायला गेलो.

रविवारी सकाळी फरिदाबादपर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. पण सरळ रस्त्यावर मी पाय दाबला मात्र, ती खोकायला लागली. मागे काळा धूर. मी गाडी कडेला घेतली. लांबून कोणीतरी ओरडलं, "चाय बना रही है क्या?"

नवऱ्याने इंजिनाला कान लावला, मग मान हलवली. "आज राहू दे. जबरदस्ती केली तर इंजिन जाईल."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "झाकण काढा, बघू तर." त्याने झाकण काढलं. तळाशी कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा. आणखी दोन आत, जिथून हवा जाते त्या भोकांवर बसलेले. हवा मिळत नव्हती, नुसतं पेट्रोल जळत होतं, म्हणून तो धूर.

सासूबाई जवळच छत्री घेऊन उभ्या होत्या. नवरा म्हणाला, "आई, हा तुझा प्रसाद."

"मग काय नटबोल्ट वाहू गाडीला?"

दाणे चिमटीत येत नव्हते आणि खाली पडले असते तर इंजिनातच गेले असते. मी तारेच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं आणि अलगद टेकवलं. दाणा चिकटून वर आला. नवरा बॅटरीचा उजेड धरून उभा. तिसरा दाणा निघेपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. मग त्याने आत नीट बघून झाकण लावलं आणि माझ्यासाठी दार उघडलं.

शेजारच्या रांगेत चांदीच्या रंगाची नवी मोठी गाडी होती. आतल्या गृहस्थांनी काच खाली केली. "आंटीजी, सँभल के, हाँ!"

मी बेल्ट ओढून बघितला. पुढे उभ्या असलेल्या मित्राने सुटायची खूण म्हणून रुमाल खाली टाकला. मी क्लच सोडला आणि डोकं मागे सीटला आपटलं. आत सतरंजी नाही, पुठ्ठे नाहीत, सगळा आवाज थेट अंगात शिरत होता. दुसरा गिअर. चांदीचा रंग अजून शेजारी होता. तिसरा टाकला तेव्हा तो खिडकीत मागे सरकला, मग आरशात गेला. खोकला नाही, धूर नाही. रस्त्याच्या टोकाला शेवटच्या खांबापुढे मी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ रेषेत थांबली.

लांब नवरा दोन्ही हात वर करून येत होता, मित्र शिट्ट्या मारत होता, सासूबाई सगळ्यांना काहीतरी सांगत होत्या. मला उतरून त्या घोळक्यात जायचं नव्हतं. मी गाडी वळवली, त्यांच्या बाजूने सावकाश पुढे नेली आणि पुढच्या फेरीसाठी परत रांगेत लावली.