फटफटीचा पोळा
पेट्रोलचा वास आला की मला पुरणपोळी आठवते. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली असतील. भालकीजवळच्या आमच्या गावात थोरल्या भावानं, अण्णानं, बैलजोडी विकून लष्कराच्या लिलावातली फटफटी आणली होती, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. पोळ्याला गावभरचे बैल वाजतगाजत मारुतीकडे निघाले, आणि आमच्या दाराशी अण्णाचे दोस्त खिदळत उभे राहिले. कारण आईनं फटफटी धुऊन हँडलची टोकं शिंगांसारखी हिंगुळानं लाल रंगवली होती, डब्यावर बैलाची झूल पांघरली होती आणि पुढच्या दिव्याशी पुरणपोळी धरली होती. मी लाजेनं तिचा पदर ओढला, "आई, लोक हसायलेत, आत चल की!" ती म्हणाली, "हसू दे. दाराशी आता ह्येच हाय. सणाला उपाशी कसं ठिवू?" दोस्त हसतच राहिले, अण्णा मात्र रिकाम्या दावणीकडं तोंड करून उभा राहिला. परवा बिदरच्या संग्रहालयात तीच फटफटी दिसली, हँडलच्या टोकांवर तो रंग अजून धरून होती. नातीनं विचारलं, "आज्जी, ह्ये लाल कामून?" आजूबाजूला माणसं होती. मी म्हणाले, "गंज असंल."